चांदी किती?

बाकीच्यांना राजे लढायांवरून आठवतात, आमच्या नाणेकाकांना वजनावरून. शेरशहा सूरचं नुसतं नाव काढा, काकांचा चेहरा पहिल्यांदा जावई घरी आल्यासारखा खुलतो. "साडेअकरा ग्रॅम! पाचच वर्षं राज्य केलं हो, पण रुपया असा पाडला की मोगलांनीही मुकाट तोच पुढे चालवला." चौसा, कनौज, हुमायूनची पळापळ हे सगळं त्यांच्या लेखी किरकोळ.

असा एखादा नाणेवाला प्रत्येक जुन्या गावात असतो. आमचे काका नाशिकचे, बँकेतून निवृत्त झालेले. हयातभर लोकांच्या नोटा मोजल्या, पण नोटेवर त्यांचा जीव कधी बसला नाही. "कागद तो कागदच. वितळवून काय निघणार?"

बसमध्ये कंडक्टरने सुटे पैसे दिले की खिशात टाकण्याआधी काका सालाखालची खूण बघतात. चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. ही तपासणी बसच्या दारात उभं राहून चालते. मागचे लोक ओरडतात, "आजोबा, उतरा की!" काका म्हणतात, "थांबा हो, हैदराबाद आहे!" कंडक्टर बिचारा वाकून बसची पाटी बघतो.

काकांचा खरा अभिमान मात्र जोगलटेंभीचा. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची छाप मारलेली. हे सांगताना काका उठून उभे राहतात. "नहपानाचं डोकं इथे. त्यावर सातवाहनांची टेकडी! नवीन चांदी आणली नाही, साचा कोरायचा खर्चही बेताचा, आणि शत्रूचा अपमान मात्र गावोगाव फिरतोय! याला म्हणतात राज्यकारभार." शिलालेखातली स्तुती त्यांना पटत नाही. शिलालेखात कोणीही काहीही खोदून घेईल, पण स्वतःची छाप मारलेलं नाणं बाजारात चालवून दाखवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

मुहम्मद तुघलकावर त्यांचा राग दौलताबादमुळे नाही. राजधानी हलवली, लोकांचे हाल झाले, हे त्यांना मान्य आहे. पण चांदीच्या टंक्याच्या जागी तांब्या-पितळेचं नाणं चालवायचं? आणि तेही कोणालाही घरी पाडता येईल असं? "घरोघर टांकसाळ झाली. मग बाबाने ती खोटी नाणी परत घेऊन खजिन्यातून खरी चांदी दिली! असा ग्राहक आमच्या काउंटरवर आला असता, तर आम्ही आधी मॅनेजरला हाक मारली असती."

एका दिवाळीला काकूंनी साफसफाईच्या भरात डब्यातल्या शिवराया चिंच लावून लख्ख घासल्या. साडेतीनशे वर्षांचं तांब्यावरचं काळं-हिरवं तेज मोरीतून वाहून गेलं. काकांनी दहा दिवस सुतक पाळलं. फराळाला हात लावला नाही, म्हणजे निदान काकूंच्या समोर तरी नाही. काकूंचं म्हणणं एवढंच, की महाराजांचं नाणं घाण कशाला ठेवायचं?

मग एके दिवशी कपाळावर चंद्रकोर रेखलेला एक तरुण पेशवाईतला रुपया बघायला आला. काकांनी तो त्याच्या तळहातावर ठेवला. तरुणाने उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. "काका, हे तर फारसी आहे."

"असणारच. शाह आलमच्या नावाचं आहे."

"पण राज्य तर आपलं होतं ना?"

"राज्य आपलं होतं, सराफ मात्र कोणाचाच नव्हता. ज्या नावाची लोकांना सवय, त्याच नावाचा रुपया तो बिनबोभाट घ्यायचा. कंपनीने तरी काय वेगळं केलं? शाह आलम १८०६ ला वारला, पण कंपनी त्याच्या नावाने १८३५ पर्यंत रुपये पाडत होती. बंगालात तर त्याच्या राज्याचं एकोणिसावं वर्षच नाण्यावर गोठवून ठेवलं. नाही तर वर्ष जुनं झालं की सराफ बट्टा कापायचे."

तरुण खट्टू झाला. काकांनी मग चिंचेतून वाचलेली एक शिवराई त्याच्या हातावर ठेवली. "हे बघ. एका बाजूला श्री राजा शिव, दुसरीकडे छत्रपति. तांब्याचं आहे, पण नागरीत आहे आणि स्वतःच्या नावाचं आहे." तरुणाने फोटो काढला. काकांनी पुढे पाऊण तास त्यावरच्या अक्षरांच्या वळणांच्या तऱ्हा समजावल्या. तो पुन्हा आला नाही.

काकांच्या संग्रहात एकच मोठी उणीव आहे: १९११ चा रुपया. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीत एक चिमुकला हत्ती होता. कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड केली की लोकांना त्यात डुक्कर दिसलं. काडतुसांची आठवण असलेल्या सरकारने तो रुपया मागे घेऊन वितळवला आणि १९१२ ला नीट सोंडेचा हत्ती काढला. काकांना तो डुकराचा रुपया हवा आहे. त्यासाठी भावकीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची गाठोडी त्यांची आडून आडून तपासून झाली आहेत.

इंग्रजी अमलाबद्दल त्यांचा निकाल दोन ओळींचा. १८३५ ला कंपनीने देशभर एकसारखा रुपया आणला, तेव्हा त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी होती. १९४० ला ती निम्म्यावर आली आणि १९४७ ला जाताना इंग्रज निकेलचा रुपया देऊन गेले, त्यावर वाघाचं चित्र. "चांदी नेली आणि वाघ ठेवला," असं म्हणून ते डबा बंद करतात.

त्यांच्याकडे कधी जाणार असाल तर एक विनंती. 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असं लिहिलेलं, रामदरबार किंवा हनुमानाचं नाणं घेऊन जाऊ नका. त्याचे लाखो रुपये मिळतात असं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं असतं. कंपनीने असली नाणी कधी पाडली नाहीत, ती अलीकडची बनावट आहेत, आणि काकांनी अशी इतकी पाहिली आहेत की हल्ली ते चहासुद्धा विचारत नाहीत. त्यापेक्षा आजीच्या बटव्यात शोधा. १९११ चा रुपया सापडला तर तो न घासता घेऊन या.