कवीचा कायमचा पत्ता

गणपतीपुळ्याला आलेल्या माणसाला देवदर्शन आणि जेवणाचं पान यांच्या मधे जो मोकळा वेळ उरतो, त्या वेळावर मराठी कवितेचं बरंच काही अवलंबून आहे. वाळू तापलेली असते म्हणून किनाऱ्यावर जाववत नाही, खानावळीत मोदक अजून उकडायचे असतात, आणि मग कुणीतरी सुचवतं, मालगुंड इथून दोनेक किलोमीटरवर आहे, कवींचं घर तरी बघून या. शाळेत संदर्भासह स्पष्टीकरणापुरते केशवसुत वाचलेली माणसं अशी अचानक, डोक्यावर टोप्या घालून, त्यांच्या दारात येऊन उभी राहतात. कवितेकडे जाण्याचे यापेक्षा वाईट रस्ते आहेत. या रस्त्याला निदान दोन्ही बाजूंना माड आहेत.

घर कोकणातल्या चारचौघांसारखं. जांभ्याचा चिरा, उतरतं कौलारू छप्पर, पडवी, ओटी, आत शिरल्यावर डोळ्यांना जरा थांबायला लावणारा माजघराचा काळोख, आणि पायाखाली सारवलेली जमीन. इथे 1866 साली केसोपंत दामले मास्तरांच्या घरी कृष्णाजी जन्मला. मधु मंगेश कर्णिकांनी कोकण मराठी साहित्य परिषद काढली आणि तिने हे घर हाती घेतलं. 1994 च्या मे महिन्यात कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. मालगुंड ही मराठी कवितेची राजधानी, असं कुसुमाग्रजांनी म्हटल्याचं सांगतात. राजधानीत कोंबड्या फिरताना दिसतात, पण मोठ्या राजधान्यांत याहून कमी निरुपद्रवी प्राणी फिरतात, तेव्हा ते चालायचंच.

मला गंमत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. ज्या कवीने तुतारी फुंकून मराठी माणसाला बजावलं की जुन्याला खुशाल मरू द्या, हवं तर जाळा, हवं तर पुरा, त्याच कवीचं जुनं घर आपण जीव लावून जपतो आहोत. वाळवी लागली का ते बघतो, आगोटीला छप्पर शाकारतो, वासे बदलले तरी जुन्यासारखे दिसतील याची काळजी घेतो. केशवसुत अवचित आले आणि अंगणात उभे राहून त्यांनी हे पाहिलं, तर रागावतील की ओशाळतील, हे मला ठरवता येत नाही. मास्तरकी केलेला माणूस. बहुधा काही न बोलता पडवीत वहाणा काढतील आणि आत येताना डोकं वाकवतील, कारण कोकणातल्या जुन्या दारांनी क्रांतिकारकांनाही वाकायला लावलं आहे.

तसं या घराशी त्यांचं नातं फार दिवसांचं नव्हतंच. वडिलांनी पुढे मालगुंड सोडलं आणि बिऱ्हाड दापोली तालुक्यातल्या वळण्याला गेलं. परगावी असताना नैर्ऋत्येकडच्या वाऱ्याला उद्देशून त्यांनी कविता लिहिली, तिच्यात दाटून येतं ते वळणं. म्हणजे ओढ एका गावाची आणि स्मारक दुसऱ्या गावात! पण याबद्दल वळण्याने मालगुंडशी भांडावं असं मला वाटत नाही. माणूस जन्मतो एकीकडे, त्याचा जीव अडकतो दुसरीकडे आणि पोट भरतं तिसरीकडे, हा तर कोकणाचा सगळा इतिहासच आहे.

पोट मात्र कुठेच नीट भरलं नाही. खेड, बडोदा, नागपूर, पुणे असं शिक्षण फिरत फिरत झालं. मॅट्रिक व्हायला विशी उलटली. मग मुंबईतल्या शाळांतली तुटपुंजी मास्तरकी. तिथे प्लेग आला म्हणून खानदेश गाठला, फैजपूरला शिकवलं, 1904 मध्ये धारवाडच्या शाळेत गेले. ज्या प्लेगला टाळून मुंबई सोडली, त्याने 1905 च्या नोव्हेंबरात हुबळीला गाठलं. वय एकोणचाळीस. आठवडाभरात पत्नीही गेली. मागे उरल्या सुमारे एकशे पस्तीस कविता, त्याही विखुरलेल्या. त्या गोळा करून त्यांचं पुस्तक काढलं ते हरिभाऊ आपट्यांनी, कवी गेल्यानंतर. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत कंदील सरकवत लिहिणाऱ्या माणसाला पुस्तकही मरणोत्तर आणि घरही मरणोत्तर मिळालं.

याच जिल्ह्यात त्याच काळात उलटाही प्रकार चालू होता. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं आणि पुढे टेकडीवर त्याच्यासाठी ऐसपैस राजवाडा बांधला. 1910 मध्ये तो तयार झाला, 1916 मध्ये राजा गेला. त्याला वाडा होता, पण घर मंडालेला राहिलं होतं. रत्नागिरी दाखवणारे लोक एकाच दिवसात दोन्ही वास्तू दाखवतात आणि मधे आंबापोळी घ्यायला थांबतात. प्रवासी दोन्हीकडे सारखेच फोटो काढतात.

आणि रस्त्यात जी घरं लागतात त्यांचे फोटो कुणी काढत नाही. गडग्याआड, रातांब्याच्या सावलीत, कुलूप लावलेली. त्यांच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आणि छपरावर एकही धड कौल नाही. सतरांपैकी कुणी ठाण्यात, कुणी न्यू जर्सीत; गणपतीला चार दिवस दार उघडतं, तेव्हा माजघरातून आधी वटवाघूळ बाहेर पडतं आणि मग यजमान आत जातात. ज्या घराला वारस उदंड ते असं हळूहळू मातीला मिळतं, आणि ज्यात आता कुणी राहत नाही ते मालगुंडचं घर मात्र रोज झाडलं जातं. एखादं घर टिकवायचं असेल तर त्यात कवी जन्मायला हवा, एवढाच उपाय दिसतो. पण तो भाऊबंदांच्या बैठकीत मांडता येण्यासारखा नाही.

स्मारकाच्या आवारात कविता दगडावर कोरून ठेवल्या आहेत. मी गेलो तेव्हा एक गृहस्थ त्यांतली एक मोठ्याने वाचून मुलाला समजावत होते. एका शब्दाशी ते अडखळले, आणि मागे ओटीच्या पायरीवर टेकलेल्या त्यांच्या आईने पुढचं कडवं दगडाकडे न बघता, शाळेतल्या चालीवर, एका दमात म्हणून टाकलं. नातू बघतच राहिला. ही बाई त्याने आजवर फक्त औषधाच्या गोळ्या मोजताना पाहिली असावी. 'तुला अर्थ माहीत आहे, आजी?' त्याने विचारलं. 'तेव्हा पाठ करायचं असायचं रे,' ती म्हणाली, 'अर्थ नंतर कधीतरी यायचा.' मग ती उठली, आत जाऊन माजघर, कोनाडे, मागचं दार, सगळं स्थळ बघायला आल्यासारखं निरखून आली, वाकून जमिनीवरून बोटं फिरवली आणि तिथल्या माणसाला म्हणाली, 'सारवणाऱ्या बाईचा हात चांगला आहे हो. सांगा तिला.'