टर्बाइनची फिर्याद

मेघालयातील जैंतिया टेकड्यांत उगम पावून आसामात उतरणाऱ्या कोपिली नदीतील मत्स्यकुळाने, आपला वंशविच्छेद होत असताना, एकाही कचेरीत लेखी अर्ज गुजारला नाही, हा त्या जातीचा अक्षम्य अपराध होय, असे आमचे नम्र मत आहे. उंदराची बिळे या नावाने प्रसिद्ध असलेल्या तिकडच्या खाणींतून निघणाऱ्या कोळशात गंधक विपुल. त्यातील लोहमाक्षिकाला हवेचा आणि पावसाचा स्पर्श झाला की गंधकाम्ल सिद्ध होते, आणि ते कोणाचाही परवाना न मागता ओढ्यातून नदीत व नदीतून खांडोंगच्या जलाशयात दाखल होते. अशा पाण्यात मातीतले ॲल्युमिनियम विरघळून माशांच्या कल्ल्यांना जडते, त्यांच्या रक्तातील क्षार झिरपून जातात, अंड्यांतून पिले बाहेर पडत नाहीत, आणि तळाशी लोहाचा पिवळा-तांबूस गाळ बसून ज्या किड्यांवर मासे जगायचे तेही नाहीसे होतात. विषप्रयोग, उपासमार आणि निर्वंश ही तिन्ही खाती एकाच ओढ्याने बिनबोभाट सांभाळावीत, इतका मेळ आमच्या सचिवालयांनाही साधलेला नाही.

परंतु मासा मेल्याने पंचनामा होत नाही. सरकारदरबारी खरी हालचाल झाली ती त्या अम्लाने याच जलाशयाच्या पाण्यावर चालणाऱ्या विद्युत्केंद्राच्या टर्बाइनांचे पोलाद खायला घेतले तेव्हा. कारण पोलादाची वहीत नोंद असते, त्यावर घसारा धरता येतो, आणि माशाच्या नावे असे काहीच निघत नाही.

पुढे खालच्या अंगाच्या, म्हणजे आसामातल्या, दिमासा जमातीच्या विद्यार्थी संघटनेने दाद मागितली, आणि १७ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने ही बिळे बंद करण्याचा हुकूम दिला. मात्र आधीच काढून ठेवलेला कोळसा तेवढा नेण्याची मुभा मिळाली, आणि तो ढीग म्हणजे प्रत्यक्ष द्रौपदीची थाळी निघाला: जसजसा उपसावा तसतसा भरलेलाच, आणि मुदतीमागून मुदत वाढतच गेली. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच टेकड्यांतील क्सान येथील एका खाणीत जवळच्या नदीचे पाणी शिरून किमान पंधरा मजूर अडकले, तेव्हा दप्तरी बंद असलेल्या खाणीत माणसेही असतात हे सर्वांना समजले. जानेवारी २०१९ मध्ये लवादाने बेकायदा खाणी न रोखल्याबद्दल मेघालय सरकारला १०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम राज्याच्या पर्यावरण-पुनरुज्जीवन निधीतून भरण्यास अनुमती दिली, आणि तो निधी कशावरच्या उपकरातून जमला होता म्हणाल, तर कोळशावरच्या.