रबरी बेडकाचे गोदास्नान

ब्रह्मगिरीवर उगम पावून नाशिक शहराची पापे व सांडपाणी या दोहोंचा समान आदराने स्वीकार करीत आलेली गोदामाई जेथे एकलहऱ्याच्या बंधाऱ्याशी क्षणभर थबकते, आणि जेथे दक्षिण अमेरिकेतून येऊन कायमची वतनदार झालेली पाणवेल औष्णिक विद्युत केंद्राच्या धुराड्यांना पाण्यात प्रतिबिंबापुरतीही जागा देत नाही, तेथे परवा प्रातःकाळी एक पिवळीजर्द कयाक अवतरली. सीलच्या कातड्याने मढवून इनुइट लोकांनी उदरनिर्वाहासाठी घडविलेली ही होडी आमच्याकडे प्लास्टिकच्या देहाने व छंदाच्या मिषाने येते, हे कालमाहात्म्यच!

आतील गृहस्थांचा सरंजाम मुलूखगिरीस शोभण्यासारखा होता: कार्बनची काठी, काळा चष्मा आणि पाठीशी दोन आकड्या दडविलेला रबरी बेडूक. मरळ हवा घेण्यास पृष्ठभागावर येते व पाणवेलीवरून टुणटुणत जाणाऱ्या बेडकावर झडप घालते, हे शास्त्र निर्विवाद आहे. फक्त ते मरळीच्या कानी गेलेले नव्हते. दोन तासांत बेडकाने पाणवेल मात्र मुबलक पकडली.

इतक्यात थर्माकोलच्या तराफ्यावरून एक वृद्ध भोई आले. १९५२ साली भारतात आणलेल्या तिलापियाची, म्हणजे चिलापीची, चार पिल्ले जाळ्यातून सोडवीत त्यांनी पृच्छा केली, "साहेब, काही गावलं का?"

"आम्ही मासा धरतो आणि परत सोडून देतो," साहेब गांभीर्याने उत्तरले.

"मग बरंच की," म्हातारबा म्हणाले, "अर्धं काम आधीच उरकलंय."