बाबा, तुमचं दुकान कुठे?

परदेशात मिशनरी म्हणून जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लोकांचं तारण कमी आणि माझा फोटो जास्त होता. पांढरा झगा, वाऱ्यावर किंचित उडणारा. मागे मावळता सूर्य आणि ते आफ्रिकेतलं पसरट झाड. चेहऱ्यावर थकवा, पण पवित्र. वसईतल्या आमच्या धर्मग्रामाने निरोप समारंभाला जो फ्लेक्स लावला त्यावर हे सगळं होतं, शिवाय झाडाखाली एक सिंहही होता. तो फ्लेक्सवाल्याने स्वतःच्या जबाबदारीवर घातला. मी हरकत घेतली नाही.

टांझानियात, म्वांझाच्या पुढे सुकुमा लोकांच्या मुलखात, रस्त्याकडेला कणसं भाजणाऱ्या एका बाईने माझं पहिलं स्वागत केलं. वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिने विचारलं, "म्हिंदी, तुझं दुकान कुठे?"

म्हिंदी म्हणजे हिंदुस्थानातला माणूस. आणि हिंदुस्थानातला माणूस म्हणजे दुकान. पूर्व आफ्रिकेत आपल्या कच्छी-गुजराती मंडळींनी गावोगावी इतक्या निष्ठेने गल्ले सांभाळले आहेत की गव्हाळ माणूस देवाच्या कामासाठी आलाय, ही गोष्ट कुणाला पटतच नाही. गोऱ्यांची सोय झालेली आहे. 1868 साली फ्रेंच फादर बागामोयोला उतरले, तेव्हापासून गोरा माणूस झग्यात दिसला की तो पाद्री. मी झग्यात दिसलो की हार्डवेअरवाल्याचा भाऊ लग्नाला निघालाय. ज्या देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी, न्येरेरेंनी, स्वतः बसून शेक्सपिअरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' स्वाहिलीत आणलं, तिथे व्यापाऱ्याकडे लोक दोन मनांनी बघणार हेही उघड आहे. मला पत्र्याचा भाव विचारला गेला, टायरचा विचारला गेला, सिमेंट कधी उतरणार हे विचारलं गेलं. मी झाडाखाली बसून प्रार्थनापुस्तक वाचत होतो, तर एक गृहस्थ अदबीने जवळ आले आणि म्हणाले, "उधारीची वही का?"

इथे मला गोन्सालो गार्सियाबद्दल बोललंच पाहिजे. वसईच्या माणसाला गोन्सालोबद्दल बोलायला निमित्त लागत नाही, पण या वेळी निमित्त आहे. गोन्सालो आमचा. सोळाव्या शतकात, वसई पोर्तुगिजांची असताना तिथे जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. पोरवयातच जेझुइटांबरोबर जपानला गेला, जपानी फाडफाड बोलायला शिकला आणि पुढे 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर गेला. 1862 साली संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. आमच्याकडे गासला त्याच्या नावाचं चर्च आहे. दरवर्षी सणाला त्याच्यावर नाटक व्हायचं आणि दरवर्षी मला वाटायचं की यंदा गोन्सालो मीच. मला गोन्सालो कधी मिळाला नाही. मला भाला मिळायचा. जपानी शिपायांच्या रांगेत शेवटून दुसरा, डोक्यावर आईची परात उलटी बांधलेली. गोन्सालो व्हायचा तो मुलगा आता वसई रोड स्टेशनसमोर मोबाइलचे कव्हर विकतो आणि सुखात आहे. परात बांधणारा मात्र मिशनरी झाला. त्यामुळे देवाची निवड कशी चालते याबद्दल मी फार ठाम बोलत नाही.

तर मुद्दा असा, की या संताच्या चरित्रात एक तुकडा आहे जो आम्ही प्रवचनात भरभर उरकतो. गोन्सालोला जेझुइट व्हायचं होतं. झालं नाही. मग त्याने जपान सोडलं आणि चक्क व्यापार केला. चांगला चालला म्हणतात. तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कनांकडे गेला, ब्रदर झाला आणि 1593 मध्ये त्यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून परत जपानला. जपानचा सर्वेसर्वा हिदेयोशी, त्याच्यापुढे उभं राहून हा वसईचा माणूस बोलत होता. पण त्याआधी काही वर्षं तो गिऱ्हाइकांशी बोलत होता! सेमिनरीत मला हा तुकडा अडचणीचा वाटायचा, म्हणजे संताच्या झग्यावर हळदीचा डाग पडावा तसा. म्वांझाच्या रस्त्यावर तोच तुकडा रोज उपयोगी पडू लागला. पत्र्याचा भाव विचारला की मी मनात म्हणायचो, गोन्सालोलाही विचारला असेल. कुणी सांगावं, घासाघीस करता करताच त्याची जीभ सुटली असेल. या विषयावर मी आमच्या वसईच्या 'सुवार्ता' मासिकाला एक लेख पाठवायचा ठरवला होता. लेखाचं नाव ठरलं, फोटो ठरला. फोटो माझाच होता.

लोकांनी मला दुकानदारीतून बढती दिली ती लिलावात. इथे अर्पणविधीला लोक नाचत येतात आणि पैशांबरोबर मका, रताळी, अंडी, कोंबड्या, कधी एखादी शेळीही आणतात. मिस्सा संपली की बाहेर आंब्याखाली या सगळ्याचा लिलाव होतो. तो कुणी करायचा हा प्रश्न चर्चच्या मंडळापुढे आला आणि एकमताने सुटला: बाबा म्हिंदी आहेत, त्यांना भाव कळतो. मला अंड्याचा भावही माहीत नव्हता. पण चर्चच्या पायरीवर उभं राहून, हातात उलटी धरलेली कोंबडी नाचवत, "हिच्या डोळ्यातलं तेज बघा!" असं मी स्वाहिलीत ओरडलो तेव्हा जो हशा पिकला तो माझ्या एकाही प्रवचनाला पिकला नव्हता.

प्रवचनाची गोष्ट निराळी होती, कारण ते मी करतो असं फक्त मलाच वाटायचं. सात मिनिटांत, तीन मुद्दे, शेवटी एक सुभाषित, असं आम्हाला सेमिनरीत घोटून दिलेलं. इथे सात मिनिटांत लोक बाकावर नीट बसतही नाहीत. शिवाय म्हाताऱ्या बायकांना सुकुमाच बरी कळते, म्हणून शेजारी उभे राहून कॅटेकिस्ट, म्हणजे गावातले धर्मशिक्षक, ते सुकुमात सांगायचे. साठी उलटलेले, कोळशाच्या इस्त्रीने कडक केलेला सूट, पायाला सायकलच्या तेलाचा एक ठिपका. फादर महिन्यातून एकदा येणार आणि काही वर्षांनी बदलून जाणार. उरलेल्या रविवारी चर्च चालवणारे हेच. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर मी म्हटलं, "धाकट्या मुलाने वाट्याची संपत्ती मागितली." एक वाक्य. कॅटेकिस्टांनी गाई मोजायला घेतल्या. किती, कुठल्या रंगाची, कुठली गाभण, कुठली मारकी. बाप एकेक गाय दाव्यावरून सोडतोय आणि मुलगा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. पुढच्या बाकावरच्या आजीने खांग्याचा पदर डोळ्याला लावला. नंतर मुलगा परत आला तेव्हा बायकांनी जिभा हलवून असा आनंदाचा गजर केला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी नम्रपणे मान झुकवली.

मिस्सेनंतर त्यांना, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं 'म्झे' म्हणून, विचारलं, "मी एवढं बोललो होतो का?"

"जे बोललात तेच सांगितलं, बाबा," ते म्हणाले. "थोडं जे बोलला असतात तेही."

हेच कॅटेकिस्ट एकदा मला म्हणाले होते, "बाबा, विहिरीचा रस्ता सरळ आहे." त्याचं असं की इथे लहानाने मोठ्याला 'शिकामो' म्हणायचं आणि मोठ्याने 'मराहाबा' म्हणून ते स्वीकारायचं. पण पाद्री वयाने कितीही कोवळा असला तरी मोठाच. वसईत ज्या वयाच्या आजींपुढे मी हात जोडून उभा राहतो त्या वयाच्या आजी इथे मला गुडघे किंचित वाकवून शिकामो घालायच्या आणि मी पोटातून 'मराहाबा' म्हणायचो, बिशपांच्या आवाजात. विहिरीकडे जाताना मी मुद्दाम बाजारातून वळसा घेऊन जायचो, कारण तिथल्या बाकावर गावातले सगळ्यांत म्हातारे बसत. कॅटेकिस्टांच्या त्या वाक्यानंतर मी सरळ जाऊ लागलो. बहुतेक वेळा.

आणि फोटो! घरून निरोप यायचे: फादर, कॅलेंडरसाठी मुलांबरोबरचा फोटो पाठवा, पण मुलं जरा गरीब दिसणारी घ्या. मी रविवारी मुलं जमवली. मुली पांढऱ्या फ्रॉकमध्ये, मुलगे टाय लावून, बुटांना पॉलिश. त्यांच्या मधोमध मी, मोटरसायकलवरून लाल धुळीत न्हाऊन आलेला, झग्याला पंक्चरवाल्याकडचा काळा पंजा. फोटोत एकच माणूस मदतीला पात्र दिसत होता. कॅलेंडर समितीने तो छापला नाही.

हसायची गोष्ट आहे, आणि मी हसलोही. पण त्या 'गरीब दिसणारी घ्या'चा मला अजून राग आहे. शहरातल्या म्हिंदी दुकानदारांकडे आपलं माणूस म्हणून मला चहा मिळायचा, खारी मिळायची, आणि चहाबरोबर 'हे लोक' या विषयावर जे ऐकायला मिळायचं त्याचाही राग आहे. सगळ्यांत जास्त राग याचा, की त्यातला एकही शब्द मला नवा नव्हता. तो सगळा मी वसईत, चांगल्या भाविक घरांत, जेवणाच्या टेबलावर ऐकलेला होता.

31 जानेवारी 2016 ला बंगळुरात एका टांझानियन विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. अपघात भलत्याच्याच गाडीने झाला होता, माणूस सुदानचा होता, हिचा काही संबंध नव्हता. रंग पुरला. इथे बातमी रेडिओवर आली, मग प्रत्येकाच्या फोनवर. पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये शिरलो तेव्हा वाटलं, आज कुणीतरी विचारणार. कुणी विचारलं नाही. शिकामो तसेच आले, मराहाबा मात्र माझ्या घशात अडकत राहिला. लिलावात मी कोंबडीबद्दल एकही विनोद केला नाही आणि ती स्वस्तात गेली.

विचारलं ते नंतर, कॉयरमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या पोराने. त्याला कॉम्प्युटर शिकायला भारतात यायचं होतं, मुंबईच्या बाजूला. त्याने बंगळुराचं नावही काढलं नाही. सरळ विचारलं, "बाबा, तुमच्या गावात मला खोली भाड्याने मिळेल?"

आता आमच्या घरामागे, जिथे माझ्या लहानपणी सुकेळी वाळत घातलेली असायची, तिथे पप्पांनी केळीची बाग काढून खोल्यांची रांग बांधली आहे. भाड्याने देण्यासाठीच. मी फोन लावला. आमचा फोन हॉलमध्ये, गोन्सालोच्या तसबिरीखाली असतो.

"तुझ्या चर्चमधला आहे?" पप्पा खुशीत आले. "येऊ दे की! वर्षभर राहू दे. तुझी आई इंद्याल करून घालेल, नाताळला फुगे घालेल."

"वर्षभर पाहुणा म्हणून नको, पप्पा. भाड्याने. पैसे देईल."

पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला. मग पप्पा म्हणाले, "पाहुणा म्हणून कितीही दिवस राहू दे रे. भाडेकरू म्हणून नको. आजूबाजूचे काय म्हणतील?"

माझे पप्पा वाईट नाहीत. आजारी शेजाऱ्याला रात्री दोन वाजता रिक्षात घालून नेणारा माणूस. म्हणूनच मला काही बोलता येईना. आईने फोन घेतला आणि विचारलं, तिकडे बोंबील मिळतात का. मी म्हटलं, तळ्यातले दागा नावाचे बारीक मासे मिळतात, ते वाळूवर सुकवतात, वास अगदी अर्नाळ्याच्या किनाऱ्यासारखा येतो. तिला फार बरं वाटलं.

पोराला मी पप्पांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. कॅटेकिस्टांसारखं वाढवून सांगता आलं असतं, पण सुकुमात मला तेवढं जमत नाही. तो आधी गप्प बसला, मग त्याला हसू फुटलं.

"म्हणजे आमच्याकडे तुम्ही पाहुणे," तो म्हणाला, "की भाडेकरू?"

मी म्हटलं, मला कुणी सांगितलेलं नाही.

त्याने हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत मांडला. विषयपत्रिकेवर, छपराच्या गळतीनंतर. पाहुणा ठेवला तर बाबांना काही बोलता येणार नाही, पाहुण्याला कुणी बोलतं का, असं एक आजी म्हणाल्या. तेव्हा भाडेकरूच बरा. भाडं महिन्याला दोन कोंबड्या ठरलं. मी ताबडतोब एकीवर आणायचा प्रयत्न केला, तर मंडळातले सगळे एकमेकांकडे बघून डोळे मिचकावू लागले: म्हिंदी! पोराने दोनच लावून धरल्या. शेवटी कॅटेकिस्ट मध्ये पडले आणि दीडवर तोडगा निघाला. पोराचा अर्ज मुंबईकडे गेला आहे. अर्धी कोंबडी दर महिन्याला द्यायची कशी यावर मंडळात अजून वाद चालू आहे.