हिरव्या भाजीला आधण दाखवण्याची रीत

संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात घरातला प्रत्येक माणूस एकदा तरी फरसाणाच्या डब्यापाशी सापडतो आणि विचारल्यास ‘मऊ पडलंय का ते बघत होतो’ असे सांगतो. या वेळेचा कायमचा बंदोबस्त म्हणून ताजी हिरवी भाजी घरीच ब्लांच करून, गार करून, हाताशी ठेवावी. मूळ काम तीन मिनिटांचे आहे. भाजी निवडायला अर्धा तास लागतो. घरच्यांची समजूत घालायला किती लागेल ते घरावर अवलंबून आहे.

प्रथम उमेदवारांची निवड. फरसबी, मटार आणि ब्रोकोली हे तिघे पात्र. फरसबीची शेंग वाकवली की कटकन मोडली पाहिजे. ही परीक्षा भाजीवाल्यासमोरच घ्यावी, मात्र तिसरी शेंग मोडल्यावर निमूट पाव किलो तरी घ्यावी. मटार हिवाळ्यात, सासवडकडचा मिळाल्यास उत्तम. सोलताना निम्मे दाणे तोंडात जातात, ती घट हिशेबात धरावी. भेंडीने अर्ज करू नये, कारण तिला पाणी लागले की तार सुटते. कारल्याचा प्रश्नच नाही. वालाच्या शेंगांना या कामात ओढू नये. रायगडात थंडीच्या रात्री त्या भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात जातात, भोवती जाळ पेटतो आणि पाण्याचा थेंबही न घालता पोपटी तयार होते. ज्यांचे इतके चांगले चालले आहे त्यांना सुधारू नये.

आता पातेले. अर्धा किलो भाजीला चार लिटर पाणी, म्हणजे माळ्यावरचे मोठे पातेले काढावे लागेल. ‘एवढ्याशा शेंगांना एवढं पाणी?’ हा प्रश्न पातेले खाली उतरायच्या आत येतो. त्याचे शास्त्रीय उत्तर असे, की थोड्या पाण्यात गार भाजी पडली की आधण मोडते, आणि ते परत उकळेपर्यंत भाजी कोमट पाण्यात बसून राहते. उकळी एका मिनिटाच्या आत परत आली पाहिजे. पाण्यात मीठ घालावे. चमचाभर चाखले तर आमटीपेक्षा जरा जास्त खारट लागावे. नंतर हे पाणी ओतून देऊ नये, भाजीतले थोडे क जीवनसत्त्व त्यात उतरलेले असते. आमटीत घालावे आणि त्यात मीठ आहे हे आमटी करणाऱ्या व्यक्तीस आधी सांगावे. नंतर सांगून उपयोग नसतो.

झाकण ठेवू नये. हे कलम सर्वांत अवघड आहे, कारण आपल्या स्वयंपाकघरात भाजी म्हटली की झाकण आणि झाकणावर पाणी, ही पिढ्यांची शिस्त. पाठ वळताच कोणीतरी प्रेमाने झाकण ठेवून जाईल. त्या व्यक्तीला पुढील माहिती सौम्य आवाजात द्यावी. हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. वनस्पतींतल्या या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी रिखार्ड विल्श्टेटर यांना १९१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते, हेही जाता जाता सांगावे. नोबेलचा दबदबा अजून टिकून आहे. भाजी तापली की तिच्यातली आम्ले सुटतात. झाकण नसेल तर त्यातली काही वाफेबरोबर उडून जातात. झाकण असेल तर ती पुन्हा पातेल्यातच ठिबकतात, मॅग्नेशियमला बाहेर काढतात आणि भाजी शेवाळी दिसू लागते. याच कारणासाठी लिंबूही आधणात नको. ते खाताना, अगदी शेवटी पिळावे.

काही जण चिमूटभर खायचा सोडा सुचवतील. सोड्याने रंग राहतो हे खरे, पण शेंग बोटचेपी होते आणि थायमिनही नासते. हॉटेलच्या पालक पनीरशी आपली स्पर्धा नाही.

भाजी वैरल्यावर पाणी पुन्हा उकळू लागले की घड्याळ लावावे. मटाराला दीड मिनिट, फरसबीला तीन, ब्रोकोलीच्या तुऱ्यांना तीन. आपल्याकडे वेळ शिट्ट्यांत मोजण्याची पद्धत असल्याने, तीन मिनिटे म्हणजे किती शिट्ट्या, अशी विचारणा होईल. उत्तर: शून्य. पहिल्या काही सेकंदांतच भाजी एकदम चमकदार हिरवी होते, कारण पेशींच्या फटींतली हवा निघून जाते. इथे ‘झालं’ म्हणून हुरळून जाऊ नये आणि ‘अजून एक उकळी येऊ दे’ असे म्हणणाऱ्यास जवळ येऊ देऊ नये. भाजी फ्रीझरमध्ये साठवायची असेल तर वेळेत मुळीच काटछाट नको. अर्धवट तापलेल्या भाजीतली विकरे मरत नाहीत, उलट चेकाळतात, आणि ती कच्च्या भाजीपेक्षाही लवकर बिघडते. महाबळेश्वरी बंगला असलेल्यांनी अर्धे मिनिट जास्त द्यावे. साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. बंगला नसलेल्यांनी हे वाक्य वाचून पुढे जावे.

वेळ भरताच झाऱ्याने भाजी काढून थेट बर्फाच्या पाण्यात. जितकी भाजी, साधारण तितकाच बर्फ. प्रत्यक्षात फ्रीझरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या पिशवीखाली एक ट्रे गोठून चिकटलेला असतो आणि त्यात चार खडे शिल्लक असतात, कारण ट्रे पुन्हा भरून ठेवणारा माणूस घरात एकच असतो आणि तो गावाला गेलेला असतो. अशा वेळी माठातले पाणी घ्यावे, ते कोमट झाले की बदलावे. भाजी आतपर्यंत गार झाली की पाण्यात रेंगाळू न देता चाळणीत उपसावी, सुती पंच्यावर पसरून कोरडी करावी. ओल्या शेंगेला दही धरत नाही.

दह्यात मेतकूट कालवावे, नाहीतर लसणीची चटणी. ठेचाही चालतो, पण मग भाजी निमित्तमात्र राहते.

तयार भाजी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये दर्शनी जागी ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी. खरा धोका तिथेच आहे. आपल्या घरात फोडणी न बसलेला पदार्थ हा अर्धवट राहून गेलेला पदार्थ समजला जातो, आणि तो पुरा करणे हे कोणीतरी आपले कर्तव्य मानते. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा जागेवर नसेल तर आधी कढईत पाहावे. फरसबीवर मोहरी तडतडून गेलेली असेल, खोबरे पडलेले असेल, वर झाकण आणि झाकणावर पाणीही असेल. विल्श्टेटर यांचे नाव पुन्हा काढू नये. पोळी गरम आहे का, एवढेच विचारावे.