करटोली कल्याणला, पाकीट घरात

पावसाळ्यात पहाटे आसनगावच्या फलाटावर उभं राहून बघा. पाट्यांमध्ये करटोली, टाकळा, कुर्डू, भारंगी. पाड्यावरच्या बाया लोकल पकडून कल्याण-ठाणे गाठतात, मुरबाडकडच्या बाया एसटीनं जातात. दिवसा उलट्या दिशेनं टेम्पो येतो. त्यात काय असतं? फरसाण, बिस्किटं, थंड पेयं आणि पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा.

रानभाजी शहराला, पाकिटं गावाला. हा सौदा कुणी ठरवला?

आणि मग आपणच विचारतो, पोट का सुटलं?

शहापूर-मुरबाड म्हटलं की लोकांना कुपोषण आठवतं. ते आहेच, संपलेलं नाही. पण त्याच तालुक्यांत, कधी कधी त्याच घरात, चाळिशीच्या माणसाच्या शर्टाचं बटण लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. ‘हे शहरवाल्यांचं दुखणं’ म्हणून हात झटकायचे दिवस गेले.

झालं काय? आजोबा चिखलणी करायचे, आवणी करायचे, रानातून मोळी आणायचे. नातू मोटारसायकलवर स्टेशन गाठतो, लोकलमध्ये बसतो, दिवसभर खुर्चीत बसतो आणि बसूनच परत येतो. ताट मात्र आजोबांचंच. मधोमध माहुलीगडाएवढा भात, त्यावर पातळ वरण, कडेला चमचाभर भाजी.

कष्ट गेले, भात राहिला.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासानं हेच मोजून दाखवलं. भारतीय माणसाला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. म्हणजे भात, पोळी, साखर. डाळ, कडधान्य, अंडं, मासळी यांच्या वाट्याला उरतं ते किती?

आता उपाय. २०१८-१९ च्या सुमारास अख्खा महाराष्ट्र दोन गटांत वाटला गेला होता. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवण, दुसरीकडे ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खाणं. लग्नाच्या पंगतीतही वाद झडले. वाद घालणाऱ्यांपैकी वर्षभर टिकले किती? आणि एक गोष्ट दोन्ही गट सोयीनं विसरले. पाकिटातलं खा, असं दोघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं.

सोमवारी भात बंद, साखर बंद, तेल बंद. गुरुवारी हळदीचं मटण. शुक्रवारी सगळं पुन्हा चालू.

असं वजन उतरत नाही. एका वेळी एकच सवय मोडा आणि ती मोडली की पुढची धरा. सावकाश चालणाराच इथं पोचतो.

सुरुवात चहापासून. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर झाली ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. आपण चहातच दुप्पट संपवली, बिस्किटं अजून मोजलीच नाहीत. या महिन्यात दोन चमच्यांचा दीड करा, पुढच्या महिन्यात एक. जीभ शिकते, तिला वेळ द्या.

पाहुण्याला कमी साखरेचा चहा दिला तर अपमान होतो म्हणे. मधुमेहाची गोळी सुरू झाली की तोच पाहुणा बिनसाखरेचा मागून घेतो.

मग तेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करा, असं आवाहन केलं. घरात महिन्याला चार लिटर लागत असेल तर चारशे मिलिलिटर कमी आणायचं, एवढाच त्याचा अर्थ. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात. फोडणीला भांडं तिरकं करून अंदाजानं ओतण्याऐवजी चमच्यानं मोजा. भाजीची चव जात नाही, वरचा तवंग जातो.

‘नाचणी खाल्ली की बारीक होतो’ हा एक गैरसमज. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३२० कॅलरी, तेवढ्याच तांदळात ३५५ च्या आसपास. फरक फार नाही. खरा फरक तंतूंमध्ये आहे. नाचणीत ११ ग्रॅम, पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन. म्हणून भाकरीनं पोट लवकर भरतं आणि भूक उशिरा लागते. पण ती भाताच्या जागी खायची. भाकरीही आणि वर भातही, हे चालायचं नाही.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं आणि नाचणीची बिस्किटं दुकानात आली. पाकीट उलटं करून घटक वाचा. साखर कितव्या नंबरला आहे?

आणि उपवास? साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, वर तूप आणि शेंगदाणे. श्रद्धेनं जरूर करा. वजन उतरवण्याच्या खात्यावर मात्र त्याची जमा दाखवू नका.

पैसे लागतात, ही सबबही चालणार नाही. कुळथाचं पिठलं, वालाची आमटी, सुकट, उकडलेलं अंडं, श्रावणातल्या रानभाज्या. यातलं काय परदेशातून येतं? पहिल्या पावसातली शेवळं काकडाच्या फळांसोबत शिजवली नाहीत तर घसा खाजतो, हे इथल्या आजीला कुणी आहारतज्ज्ञानं शिकवलेलं नाही. कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो तेव्हा आपण तिथं फोटो काढतो आणि घरी येऊन फरसाण फोडतो.

ताट वाढण्याचा क्रम बदला. आधी भाजी, मग वरण-उसळ, शेवटी भात. भात सोडायला कुणी सांगितलेलं नाही, त्याला मधल्या जागेवरून कडेला न्यायचं आहे.

घरातल्या बाईचं काय? ती शेवटी जेवते. भाजी संपलेली असते, उरतो तो भात आणि कढईतलं तेल. तिचं वजन वाढलं की ‘दिवसभर घरातच असते’ म्हणून टोमणा. आधी तिच्या वाटची भाजी काढून ठेवा, मग बोला.

बारीक दिसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की भारतीय माणूस वजनानं हलका असूनही त्याच्या अंगात चरबी जास्त असू शकते. म्हणून काट्याबरोबर टेपही वापरा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली असेल तर सावध व्हा.

आणि एक ताकीद. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढतं मूल यांनी मोबाईलवर बघून उपाशी राहायचं नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता जेवण चुकवायचं नाही. साखर एकदम उतरली तर जीवावर बेतू शकतं.

वयाची तिशी ओलांडली असेल तर आरोग्य उपकेंद्रात जाऊन रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासून घ्या. तपासणी मोफत आहे. तोवर चहातला अर्धा चमचा कमी करायला कुणाची परवानगी लागत नाही. सोमवारची वाट बघू नका, आजच्या संध्याकाळच्या कपापासून करा.