चारचौघींत स्वेटर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

एकटीने विणायला घेतलेला स्वेटर पाठ अर्धी झाली की कपाटात जातो आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत सुयांसकट सापडतो. यावर उपाय म्हणून सामूहिक विणकाम निघालं. सगळ्यांनी एकच नमुना घ्यायचा, एकाच दिवशी टाके घालायचे आणि दर शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमून कुणाचं किती झालं ते बघायचं. भिशीसारखंच आहे हे, फक्त इथे नंबर कुणाचाच लागत नाही. चहा आणि साबुदाण्याची खिचडी मात्र वेळेवर असते.

काय विणायचं हे गटातल्या सर्वांत जुन्या काकू ठरवतात. यंदा त्यांनी फेअर आइल स्वेटर ठरवला आहे असं गृहीत धरू. फेअर आइल म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मध्ये असलेलं, जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट. तिथे वारा आहे, मेंढ्या आहेत आणि लांबलचक हिवाळा आहे. हा स्वेटर पुण्यात घालायचा कधी, असा प्रश्न विचारू नये. गारवा जाणवण्याआधीच माकडटोप्या बाहेर काढणाऱ्या शहराला तो शोभत नाही.

साहित्य

आपल्याकडे ‘लोकर’ मागितली की दुकानदार बहुतेक वेळा ॲक्रिलिक काढून देतो. त्याचं बाळाचं झबलं छान होतं, पण या कामाला ते चालत नाही, कारण त्याचा धागा गुळगुळीत असतो. इथे खरीखुरी मेंढीची, थोडी केसाळ, एकमेकींना धरून बसणारी लोकर लागते. का लागते ते शेवटाला कात्री हातात घ्याल तेव्हा कळेल. शेटलंडची लोकर पंचवीस ग्रॅमच्या गुंड्यात मिळते आणि एका गुंड्यात शंभर मीटरच्या वर धागा असतो. एकूण किती गुंडे लागले हे घरी सांगू नये. ‘मैत्रिणीची उरली होती’ हे वाक्य सरावाने सहज जमतं.

रंग निवडताना नवशिक्या हमखास आपल्या आवडीचे घेतात. राणी, मोरपंखी, शेंदरी असे तीन गुंडे टेबलावर काय शोभतात! विणल्यावर नक्षी मात्र दिसतच नाही, कारण तिन्ही रंग वेगळे असले तरी सारखेच गडद असतात. उपाय फुकट आहे. गुंडे शेजारी शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढायचा. जे दोन रंग त्यात एकसारखे करडे दिसतील, त्यांना एका ओळीत आणायचं नाही. हा फोटो काकूंना दाखवू नये. त्या नजरेनेच ओळखतात आणि तुम्हाला फोटो लागला याची नोंद ठेवतात.

नमुन्याचा तुकडा

हा टाळायचा असतो, सगळ्याच टाळतात. म्हणून फक्त हिशेब सांगून ठेवते. छातीचा घेर १०० सेंटीमीटर हवा आहे आणि पुस्तकात दहा सेंटीमीटरला २८ टाके दिले आहेत, म्हणून तुम्ही २८० टाके घातले. तुमचा हात जरा आवळ आहे आणि दहा सेंटीमीटरमध्ये ३० बसतात. स्वेटर ९३ सेंटीमीटरचा झाला. हे तुम्हाला मुंढ्यापर्यंत पोचल्यावर कळेल. त्या वेळी ‘भाचीसाठीच घेतला होता’ असं म्हणावं आणि एखाद्या बारीक भाचीची सोय आधीच करून ठेवावी.

कृती

आता चांगली बातमी. स्वेटरमध्ये रंग दहा असोत की बारा, फेअर आइलच्या परंपरेत एका ओळीत दोनच असतात. शिवाय अंगाचा भाग गोल सुईवर नळीसारखा विणतात, त्यामुळे सुलट बाजू कायम आपल्यासमोर असते आणि काठ संपला की उलट टाका लागतच नाही. एक रंग उजव्या हातात धरायचा, दुसरा डाव्या. पहिल्या दिवशी डावा हात आपला नाहीच असं वाटेल.

कोणता रंग कोणत्या हातात, हे एकदा ठरवलं की मध्येच बदलायचं नाही. मागे जो धागा खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तो रंग उठून दिसतो. अर्ध्या वाटेत हात बदलले की वरची फुलं ठसठशीत आणि खालची आजारी दिसतात. कुणी विचारलंच तर खालची फुलं कळ्या आहेत म्हणून सांगावं.

खरी परीक्षा मागच्या बाजूला आहे. एक रंग विणत असताना दुसरा मागून मोकळा चालत येतो. तो आखडला की कापडाला चुण्या पडतात आणि सैल राहिला की स्वेटर घालताना बाहीत बांगडी अडकते. म्हणून रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी जरा पसरून घ्यावेत. पाच-सहा टाक्यांहून, म्हणजे साधारण इंचाहून, लांब धागा सुटणार असेल तर मध्येच तो चालू धाग्याखाली अडकवून घ्यावा.

हे सगळं इतकं सांगायचं कारण म्हणजे गटातल्या बायका. त्या तुमचं विणकाम हातात घेतात, ‘वा, छान’ म्हणतात आणि तोंडातला ‘छान’ संपायच्या आत ते उलटं करतात. त्यांचंही चुकत नाही. पैठणीचा पदर उलटून मागे मोकळे धागे लोंबत नाहीत ना, हे बघूनच त्यांनी आयुष्यभर खरेदी केली आहे. हातमागावरच्या पैठणीच्या पदरात ते लोंबत नाहीत. तुमच्या स्वेटरमागे मात्र लोंबणारच, कारण वीणच तशी आहे. पण हा युक्तिवाद शनिवारी दुपारी चालत नाही. त्यापेक्षा काम मांडीवरच ठेवावं आणि कुणी हात पुढे केला की ‘थांबा हं, टाके मोजतेय’ म्हणून ओठ हलवावेत. टाके मोजणाऱ्या बाईला हात लावायचा नाही, हा शिष्टाचार आहे.

संभाषण

विणकाम मागे पडलं असेल तर माहिती पुढे करावी. स्पॅनिश आरमाराचं ‘एल ग्रान ग्रिफोन’ हे जहाज १५८८ साली फेअर आइलवर फुटलं आणि त्यातल्या खलाशांनी बेटावरच्या बायकांना ही नक्षी शिकवली, अशी कथा कुणीतरी सांगेलच. तिला पुरावा नाही, एवढं शांतपणे म्हणावं. मग १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर असा स्वेटर घातला आणि त्याची फॅशन झाली, हे सांगावं. इतक्यात खिचडी येते.

इथे एक प्रामाणिक सल्ला. शेटलंडमध्ये दरवर्षी लोकर-सप्ताह भरतो आणि त्यासाठी एका टोपीचा नमुना जाहीर होतो. जगभरातले लोक ती एक टोपी विणतात. टोपी! ज्यांच्या पिढ्या या विणीत गेल्या, त्यांनी नवख्यांना टोपी दिली. हे काकूंना सुचवून पाहायला हरकत नाही. त्या हसतील.

कात्री

मुंढ्यापर्यंत आलात की नळी तशीच चालू ठेवायची, फक्त मुंढ्याच्या जागी आठ-दहा टाके जास्तीचे घालायचे. यांना स्टीक म्हणतात. पुढे अंग पूर्ण झालं की त्या टाक्यांच्या बरोबर मधून कात्रीने कापायचं. होय, विणलेलं कापायचं. सुटलेला एक टाका उचलताना ज्यांचा श्वास अडकतो, त्यांनी.

कापण्याचा दिवस सगळ्यांचा एकच ठेवतात. आदल्या दिवशी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना क्रोशाची एकेक साखळी घालून घ्यावी. लोकर खरी असेल तर कापलेले टाके एकमेकांना धरून जागच्या जागी उभे राहतात, काहीही उसवत नाही. कुणीतरी लपूनछपून ॲक्रिलिक आणलेलं असतं, ते इथे उघड होतं. त्या वेळी कोणाकडेही न बघता खिडकीबाहेर पाहावं.

मग बाह्या. त्या दोन असतात. पहिलीला उत्साह पुरतो, दुसरीला गटच लागतो. शेवटी रंग बदलताना सुटलेली शे-दीडशे टोकं सुईने आत ओवायची, स्वेटर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, आडवा ताणून वाळत घालायचा. एव्हाना मार्च उजाडलेला असतो, त्यामुळे वाळतो मात्र पटकन. कडुलिंबाच्या पानांसकट त्याला ट्रंकेत ठेवावं. पुढच्या शनिवारी काकू नॉर्वेच्या हातमोज्यांचा विषय काढणार आहेत, तेव्हा त्या दिवशी गावाला जाण्याची तिकिटं आजच काढावीत.